काचेच्या अलीकडे

काचेखालच्या फटीतून माझी नोट परत आली. खिडकीतल्या बाईने ती आधी दिव्याखाली धरली, उलटी केली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि मग एका बोटाने माझ्याकडे ढकलून दिली. मला वाटलं काहीतरी चुकून झालं असेल, म्हणून मी दुसरी नोट दिली. तीही आली. तिसरी तर तिने हातात धरली न धरली तोच परत केली. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. आयुष्याची सगळी नोकरी मी अशाच एका काचेच्या पलीकडे बसून काढली. हजारो लोकांच्या नोटा परत केल्या. फाटक्या, तेलकट, धुण्यात सापडलेल्या, उंदराने कुरतडलेल्या. परत आलेली नोट हातात घेताना माणसाचं तोंड कसं होतं ते मला पाठ होतं. आधी तो नोटेकडे बघतो, मग आपल्याकडे, मग उगाचच मागच्या माणसाकडे बघून हसतो. मी मागे वळून बघितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही हसत होतो.

"काय झालं?" ही म्हणाली. ही म्हणजे माझी बायको. माझ्या मागे दोन पावलांवर, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. परदेशात पाऊल ठेवल्यापासून ती तशीच उभी राहते, जणू सगळा देश टपूनच बसला आहे.

"काही नाही. यांची काहीतरी पद्धत आहे," मी म्हणालो.

खिडकीतली बाई माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलायला लागली. परक्या माणसाशी सगळीकडे असंच बोलतात. मीही बोलायचो, परप्रांतातून बदली होऊन आलेल्यांशी. तिने नखाने नोटेचा पांढरा काठ दाखवला. लिहिलं आहे, म्हणाली, सगळ्यांवर लिहिलं आहे, लिहिलेली नोट आम्ही घेत नाही. मी चष्मा कपाळावर चढवला आणि नोट नाकाजवळ नेली. काठावर मुंगीएवढा एक आकडा होता. सात. दुसरीवर आठ. तिसरीवर नऊ. आणि ते आपले आकडे होते, मराठीतले. या अख्ख्या शहरात तसे आकडे काढणारी दोनच माणसं होती आणि ती दोघंही या खिडकीसमोर उभी होती.

माझ्या मनात पहिल्यांदा आला तो घराकडचा एजंट. त्याच्याकडून या नोटा घेतल्या होत्या. कुठल्याही देशात चालणाऱ्या मोठ्या, कोऱ्या करकरीत नोटा, त्या बदलून इथलं चलन घ्यायचं, असा सगळा हिशेब. एजंटाला मी तिथल्या तिथे मनातल्या मनात फैलावर घेतलं. अरे, नोट म्हणजे तुझी कच्ची वही आहे काय? हे माझं ठेवणीतलं वाक्य. बँकेत भुसार मालाचे व्यापारी गड्डीच्या वरच्या नोटेवर पेनाने आकडा टाकून आणायचे. त्यांना मी ते सगळ्यांसमोर ऐकवायचो आणि नोट परत करायचो. गड्डीला गुंडाळायच्या कागदी पट्टीवर लिहा, नोटेवर नाही. शाखेत मला भिंग म्हणत. समोर कुणी म्हणत नसे, पण मला माहीत होतं आणि मनातून ते आवडतही होतं. म्हणजे हे आकडे एजंटानेच टाकले असणार. पण घेताना मी त्या नोटा त्याच्या टेबलावर एकेक करून तपासल्या होत्या. उजेडाला धरून. भिंगाच्या नजरेतून मुंगीएवढा आकडा सुटेल? सुटणार नाही. मग तो आला कुठून? बाई माझ्यासमोर हात पसरून थांबली होती. तिला माझ्या हातातला फॉर्म हवा होता, नोटा नसल्या तर फॉर्म फाडायला. मी आत्ताच भरलेला फॉर्म. नाव, पासपोर्टचा नंबर, मुक्कामाचा पत्ता, सगळं सुवाच्य आणि सगळं हिरव्या शाईत. पेन अजून माझ्या बोटांत होतं. मुक्कामाच्या गेस्टहाउसमधलं, टोपणावर त्यांचं नाव छापलेलं. नोटांवरचे आकडेही हिरवे होते.

मी पेन खिशात ठेवलं, नोटा ठेवल्या, पट्ट्याच्या पिशवीची चेन लावली, पुन्हा उघडून बघितली, पुन्हा लावली. "चल," मी हिला म्हणालो. "इथे दर बरोबर नाही."

रस्त्यावर ऊन होतं पण अंगाला लागत नव्हतं. माणसं भराभर चालत होती आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. मी हिच्या पुढे चालत होतो, कारण माझा चेहरा तिला दिसायला नको होता. मी कधी लिहिलं? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की दात दुखावा तसा ठणकत राहतो, जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते. आल्या दिवशी ही अंघोळीला गेली होती. मी पलंगावर टॉवेल पसरून त्यावर नोटा ठेवल्या होत्या. इतकं आठवत होतं. मोजल्या होत्या, हेही. एकदा सतरा आल्या. मग एकोणीस. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि मला वाटत होतं की तो बंद व्हायच्या आत मोजणी जुळली पाहिजे. बँकेत कॅश जुळली नाही की शाखा थांबते, मॅनेजरसुद्धा टाय सैल करून बसून राहतो. तिथे लाखांची कॅश मी शेजारच्याशी गप्पा मारत मोजली आहे. आणि इथे ढेकणाएवढ्या गड्डीने मला घाम फोडला. त्यानंतर काय? त्यानंतरचं कोरं होतं. पुसलेलं नव्हे. पुसलं की निदान खडूचा पांढरट डाग राहतो. हे नुसतंच कोरं होतं.

याच कोऱ्याच्या मागे मुलगी लागली होती. ती याच देशात असते, इथून रेल्वेने अर्ध्या दिवसावर. गेल्या वर्षी घरी आली तेव्हा तिला कपाटात सोसायटीच्या एकाच महिन्याच्या दोन पावत्या सापडल्या. शिवाय पेन्शनच्या दिवशी मी बँकेत भांडलो, पैसे मिळालेच नाहीत म्हणून, आणि ते माझ्याच सदऱ्याच्या खिशात निघाले, हे तिला तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याने मोठ्या मायेने सांगितलं. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला. बाबा, खाती माझ्या नावाला जोडू, ठेवी माझ्याकडे द्या, सह्या मी करीन, तुम्ही आराम करा. आराम करा म्हणजे बाजूला व्हा. मी तिला म्हणालो, तुझ्याकडे येण्याआधी चार दिवस आम्ही दोघंच त्या मोठ्या शहरात राहतो. तुझं कार्ड नको, तुझा नवरा नको स्टेशनवर. परमुलखात, परक्या चलनात, मी पैसे सांभाळून दाखवतो. एका पैचा घोळ झाला तर तू म्हणशील त्या कागदावर सही करतो. आणि झाला नाही तर हा विषय बंद. तिने फोनवर मोठा श्वास घेतला. ठीक आहे, म्हणाली. आज तिसरा दिवस होता. उद्या सकाळी गाडी. गेस्टहाउसच्या मालकीणबाईंना रोख पैसे हवे होते, इथल्याच चलनात, आज संध्याकाळच्या आत. कार्ड त्याही घेत नसत. त्यामुळेच मला त्या आवडल्या होत्या.

"आपण तिला फोन करू या का?" ही मागून म्हणाली.

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? ती पाठवील की मालकीणबाईंना."

"काही गरज नाही. दुसरं दुकान आहे पुढे."

दुसरं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट होती. घड्याळांची दुरुस्ती, चाव्या करून देणं आणि शेवटी नोटा बदलणं, असं सगळं एका माणसात. त्याच्याकडेही काच होती, पण कोपऱ्यात तडकलेली आणि चिकटपट्टीने सांधलेली. मला अशा दुकानाची लाज वाटली आणि आपल्याला लाज वाटते आहे याचा रागही आला. मी पिशवीची चेन उघडून सगळ्या नोटा बाहेर काढल्या आणि फटीतून आत दिल्या. सगळ्या, एकदम, न मोजता. हात फटीतून मागे घेताना ते कळलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात दर ग्राहकाला बजावलं की काउंटर सोडण्यापूर्वी मोजून घ्या, तो मी. तोवर दुकानदाराने नोटा पंख्यासारख्या पसरल्या होत्या. भुवया वर गेल्या. एक नोट त्याने डोळ्याला लावायच्या भिंगातून बघितली, माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, आणि नोटा घेऊन मागच्या दाराने आत निघून गेला. दार बंद झालं.

नोट नजरेआड झाली की संपलं, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. ग्राहकाची नोट हातात असेल तर टेबलाखालीसुद्धा न्यायची नाही. आणि आता माझ्या सगळ्या नोटा एका बंद दारामागे होत्या. आतून तो फोनवर बोलल्यासारखा आवाज येत होता, त्यांच्या भाषेत, खालच्या पट्टीत. पोलीस? खोट्या नोटा घेऊन फिरणारा म्हातारा? भिंतीवर तीस-चाळीस घड्याळं टांगलेली होती, प्रत्येकाची वेळ निराळी. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. किती नोटा होत्या? सतरा? मी डोळे मिटून शेवटचा हिरवा आकडा आठवायचा प्रयत्न केला. आपण त्यासाठीच तर लिहिले असतील ना ते, शेवटच्या नोटेवर बघितलं की कळावं म्हणून. किती सोपी युक्ती. ज्याने ती काढली त्याच्या हुशारीचं क्षणभर मला कौतुक वाटलं, आणि मग आठवलं, तो मीच होतो. सात, आठ, नऊ आठवत होते. त्यांच्यापुढे काही नव्हतं. काचेशेजारी आत जायचं एक दार होतं, मी त्याच्या मुठीवर हात ठेवला. ती फिरली नाही.

"बसा जरा," ही म्हणाली. दुकानात एकच स्टूल होतं.

"तू बस."

ती बसली नाही. आम्ही दोघं त्या रिकाम्या स्टुलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो.

दुकानदार बाहेर आला तो नोटा मुठीत मिटूनच. काचेजवळ आला, पण नोटा खाली ठेवल्या नाहीत. "किती दिल्यात?" त्याने विचारलं. मोडक्या इंग्रजीत, पण प्रश्न स्वच्छ होता. मी त्याच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं. स्वतःचे पैसे असतील तर माणसाला माहीत असतं. चोराला माहीत नसतं. मी काहीतरी आकडा म्हणणार होतो, कुठलाही, आणि कुठलाही म्हणजे चुकीचाच, हे मला दिसत होतं, तरी ओठ उघडले.

"अठरा," ही म्हणाली. एका हाताची पाच बोटं तीनदा उघडली आणि मग तीन बोटं दाखवली. "एटीन."

दुकानदाराने मूठ सैल केली. मग एका नोटेचा कोपरा तिच्यापुढे धरून भुवई उडवली. हे काय?

"मी लिहिलं," ही म्हणाली. तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, पेनाने लिहिल्याची खूण केली आणि कपाळाला हात लावला. "माय हॅबिट. सॉरी."

आणि मी तिच्यावर ओरडलो. आपोआप. भिंग जागा झाला. "नोटेवर लिहायचं नसतं एवढं कळत नाही? बँकेतल्या माणसाची बायको ना तू? नोट म्हणजे काय कच्ची वही आहे?" माझा आवाज त्या फटीत घुमला. ही मान खाली घालून ऐकत होती. व्यापारी अशीच मान घालायचे. माझ्या खिशातलं पेन सदऱ्यातून दिसत होतं, हिरव्या टोपणाचं, आणि ती त्याकडे बघत नव्हती. दुकानदार खो खो हसायला लागला. त्याला माझी भाषा कळली नव्हती, पण नवरा-बायको कळले होते. त्याने नोटा खणात टाकल्या, लिहिलेल्या म्हणून बरेच पैसे कापले आणि इथलं चलन मोजून, कुठल्या किती नोटा त्याच्या पावतीसकट पुढे ढकललं. मी ते पुन्हा मोजल्यासारखं केलं. बोटं हलत होती, डोक्यात काही पडत नव्हतं.

परत येताना मी मागे चालत होतो आणि ती पुढे. रस्ता तिला माहीत होता, हेही मला त्याच वेळी कळलं. मला तिचा राग आला. खोटं सांगत नाही, आधी रागच आला. हिने मला वाचवावं आणि मी वाचावं, याचा. कुणी विचारलं असतं तर त्या क्षणी मी शपथेवर सांगितलं असतं की हिनेच लिहिलं. मग एका वळणावर सिग्नलला आम्ही शेजारी उभे राहिलो. तिची पर्स नेहमीसारखी छातीशी होती आणि ती तिची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. मघाशी, दुकानात, तिने पर्सकडे बघितलंही नव्हतं. तेव्हा राग उतरला आणि त्याच्या खालचं लागलं. भीती. साधी, शाळेतल्या मुलाला वाटते तशी.

खोलीत आल्यावर ती कपडे बॅगेत भरायला लागली. मालकीणबाईंचे पैसे मी वेगळे काढायला बसलो, त्याच पलंगावर. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या काचा दिसत होत्या, संध्याकाळ व्हायला आली होती. पहिल्यांदा मोजले तेव्हा एक आकडा आला, दुसऱ्यांदा दुसराच. माझा हात खिशाकडे गेला. पेन अर्धं बाहेर आलं होतं. मी तिकडे बघत राहिलो. ते माझंच बोट होतं आणि माझंच पेन.

"तू बघितलं होतंस?" मी विचारलं.

ती माझ्या सदऱ्याची घडी करत होती. "केस पुसत बाहेर आले तेव्हा लिहीत होतात."

"मग टोकलं का नाहीस?"

"मला वाटलं, बँकेतली काही रीत असेल." तिने घडी मोडून पुन्हा घातली. "आणि पैशाच्या बाबतीत मी तुम्हाला कधी टोकलंय? तुम्हाला आवडलं असतं?"

आवडलं नसतं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिने भाजीचा हिशेब माझ्यासमोर तोंडी केला होता, माझ्याआधी. मी म्हणालो होतो, आकडे माझ्यावर सोड. तिने ते सोडले. इतकी वर्षं मी त्याला तिची आज्ञाधारकता समजत होतो. ती मात्र सगळा वेळ मनातल्या मनात मोजत होती. अठरा, म्हणाली, किती सहज.

मी उठून दाराला कडी लावली. बँकेत कॅशच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडे, एक दुसऱ्याकडे. एकट्याने ती उघडत नाही. आणि कॅशियर जागा सोडतो तेव्हा नुसती किल्ली देऊन चालत नाही. चार्ज द्यावा लागतो. देणाऱ्याने आकडा सांगायचा, घेणाऱ्याने त्याच्यासमोर सगळी कॅश मोजायची आणि बरोबर म्हणायचं. मग दोघांच्या सह्या. मी कमरेचा पट्टा सोडला, पिशवी पलंगावर ठेवली आणि हिला समोर बसायला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं. काय चाललं आहे ते तिला कळलं, कारण हातातला टॉवेल तिने हळूच बाजूला ठेवला.

"एकसष्ट नोटा," मी म्हणालो. पावतीवरून बेरीज केली होती. बरोबर केली होती असं वाटतं.

ती मोजायला लागली. बोट जिभेला लावून, सराईतपणे, ओठ न हलवता. मी डोळे मिटले. नोट पडल्याचा आवाज मला अजून ओळखता येतो, त्यात मी कुणाला हार जाणार नाही. माझ्या कानांनी साठ ऐकल्या. ती थांबली.

"बरोबर," ती म्हणाली.

साठ होत्या, की एकसष्ट? चूक तिच्या तोंडात होती, माझ्या कानात, की मुळात मी सांगितलेल्या आकड्यात? ओठांवर आलं होतं की पुन्हा मोज. हे मी कुणालाही म्हणालो असतो. मॅनेजरला म्हणालो आहे, ऑडिटरला म्हणालो आहे. मी पिशवी तिच्याकडे सरकवली. तिने ती साडीवरून कमरेला बांधली, चेन एकदा ओढून बघितली, आणि मालकीणबाईंचे पैसे बाजूला काढून ठेवले.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. रोज याच वेळेला येतो. हिने उचलला. पलीकडचा प्रश्न मला पाठ होता. ही म्हणाली, "अगदी चोख चाललंय. तुझ्या बाबांच्या पैशांची तू काळजी करतेस?" आणि माझ्याकडे बघून मान हलवली, विषय संपल्यासारखी. मी जिंकलो होतो. नुसतं गप्प बसायचं होतं. खाती माझी, सह्या माझ्या, पुढच्या महिन्याच्या पेन्शनला मी पुन्हा त्या काचेसमोर ताठ उभा. मी हात पुढे केला आणि फोन मागितला. हिने तो लगेच दिला नाही.

"बाबा, कसे आहात? पैसे पुरले ना?"

"आईला विचार," मी म्हणालो. "कॅश तिच्याकडे आहे."

"तिच्याकडे? का?"

"मी चार्ज दिला."

ती माझ्या मांडीवर बसून बँकेच्या गोष्टी ऐकत वाढलेली मुलगी आहे. कॅशियर चार्ज कधी देतो, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने नुसतं "बाबा" म्हटलं. मी फोन हिच्या हातात दिला आणि खिशातलं पेन काढून मालकीणबाईंच्या पैशांवर ठेवलं, त्यांचं त्यांना परत करायला.